जूमलातील मॉड्यूल-सेटिंग्ज : एक चिकित्सा

महाविद्यालयीन संकेतस्थळाविषयी चर्चा होते ती प्रामुख्याने त्याच्या रंगरूपाची. सूचना कोणत्या पानावर दिसावी आणि केव्हा नाहीशी व्हावी, हा संपादकीय प्रश्न मात्र ठेकेदाराकडे सोपविला जातो. प्रस्तुत लेखात जूमला या मुक्तस्रोत आशय-व्यवस्थापन प्रणालीतील मॉड्यूलच्या अंगभूत सेटिंग्जचा या अंगाने विचार केला आहे. २००५ मध्ये मॅम्बोपासून वेगळ्या झालेल्या या प्रणालीचे नाव ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून आले आहे. (आपल्या ‘जुमला’शी त्याचे अरबीमार्गे नातेच लागते.)

मॉड्यूल म्हणजे मुख्य लेखाभोवतीची चौकट : सूचनाफलक, लॉगिन, ताज्या लेखांची यादी. पानावरील स्थान, पाहण्याचा अधिकार, मेनू-निर्धारण, प्रकाशनाचा आरंभ व समाप्ती ही सेटिंग्ज तिच्यात मुळातच असतात. त्यांपैकी समाप्ती सर्वाधिक उपेक्षित. मुदत उलटलेली प्रवेशसूचना संकेतस्थळावर वाचून आलेला विद्यार्थी एका महाविद्यालयाच्या कार्यालयातून रिकाम्या हाताने परतताना प्रस्तुत लेखिकेने पाहिला आहे. तेथे सरकत्या सूचनांसाठी बाहेरचे एक्स्टेंशन बसविले होते. समाप्तीचा रकाना कोणी उघडलाच नव्हता. वस्तुतः ‘सूचना’ असा लेखांचा एक वर्ग करून ताज्या लेखांच्या मॉड्यूलमध्ये तेवढाच निवडला, तर प्रत्येक सूचना आपल्या तारखेला आपोआप यादीतून गळते.

अर्थात तारीख भरली म्हणजे भागले असे नाही. स्थळाचा कालविभाग मुळात यूटीसी असतो. तो आशिया-कोलकाता असा बदलला नाही आणि संपादकाच्या खात्यातही वेगळा नोंदविलेला नसेल, तर सकाळी १० ची सूचना दुपारी ३.३० ला उगवते.

प्रणालीचाही दोष नोंदविणे आवश्यक आहे. मॉड्यूल कोठे दिसावे हे जूमला मेनूतील नोंदीवरून ठरविते. मेनूशी न जोडलेला लेख उघडला की त्याच्याभोवती बहुधा मुखपृष्ठाचीच मॉड्यूल गोळा होतात. त्यावर छुपा मेनू करून त्यात नोंदी घालण्याचा उपाय रूढ आहे. पण असा मेनू कोणत्या हेतूने केला हे नोंदविले नसेल, तर नंतर येणाऱ्या प्राध्यापकास ते सहज कळत नाही. निदान मॉड्यूलमधील टिपेचा रकाना तरी भरावा.

आमच्या विभागात आता सूचनेच्या कच्च्या मसुद्यावरच समाप्तीची तारीख मागितली जाते. ती नसेल तर कागद परत जातो, मग त्यावर सही कोणाचीही असो.