निरोगी शरीरातील डोपामिनचे परिणाम : एका अनुमानाची चिकित्सा

प्रास्ताविक

डोपामिन म्हटले की सामान्य वाचकाला मेंदूतील 'आनंदाचे रसायन' आठवते. शिरेतून दिलेले डोपामिन मात्र रक्त आणि मेंदू यांमधील अडसर सहजासहजी ओलांडत नाही. त्याचे कार्य प्रामुख्याने हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि चयापचय यांवर घडते. निरोगी व्यक्तींवरील प्रयोगांतून मिळालेले हे ज्ञान रुग्णोपचारात कसे वापरले गेले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रयोग आणि अनुमान

१९६४ मध्ये मॅक्डोनाल्ड, गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना डोपामिन दिले असता मूत्रपिंडांतील रक्तप्रवाह, गाळणीचा वेग आणि सोडियमचे उत्सर्जन ही तिन्ही वाढल्याचे दाखविले. पुढे पाठ्यपुस्तकांत मात्रांच्या तीन पायऱ्या रूढ झाल्या : अल्प मात्रेत मूत्रपिंडांवर, मध्यम मात्रेत हृदयावर आणि अधिक मात्रेत रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावर परिणाम. पहिल्या पायरीला 'मूत्रपिंड मात्रा' असे नावच पडले आणि अतिदक्षता विभागांत ती मूत्रपिंडांच्या रक्षणार्थ दिली जाऊ लागली.

अनुमानातील त्रुटी

पहिली त्रुटी मात्रेसंबंधी आहे. २००० मध्ये मॅक्ग्रेगर आणि सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांना वजनानुसार समान मात्रा दिली, तरी त्यांच्या रक्तातील डोपामिनच्या प्रमाणात १० ते ७५ पटींचा फरक आढळला. म्हणजे पायऱ्यांची कल्पना निरोगी शरीरातही डळमळीत ठरते.

दुसरी त्रुटी चयापचयाच्या उपेक्षेची आहे. डोपामिनमुळे हृदयाचे कार्य वाढते, त्याबरोबर शरीराचा ऑक्सिजनचा वापरही वाढतो. रक्तातील ग्लुकोज वाढू शकते आणि प्रोलॅक्टिन घटते. रक्ताभिसरणाचा लाभ मोजताना हा खर्च जमेस धरला गेला नाही.

तिसरी त्रुटी सर्वांत गंभीर आहे. निरोगी मूत्रपिंडाचा प्रतिसाद आजारी मूत्रपिंडाचाही असेल, असे गृहीत धरले गेले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत २३ अतिदक्षता विभागांतील ३२८ रुग्णांचा समावेश होता. अल्प मात्रेतील डोपामिनने मूत्रपिंडांचे रक्षण झाल्याचे तीत आढळले नाही. २००५ मधील ६१ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात पहिल्या दिवशी मूत्राचे प्रमाण वाढलेले दिसले, परंतु मृत्यू किंवा डायलिसिसची गरज कमी झाली नाही. मूत्र वाढणे म्हणजे मूत्रपिंड वाचणे नव्हे, हे यातून स्पष्ट झाले. २००६ मधील एका अभ्यासात तर मूत्रपिंडे तीव्रतेने निकामी झालेल्या रुग्णांत डोपामिनमुळे तेथील रक्तप्रवाहास होणारा विरोध वाढल्याचे दिसले.

निष्कर्ष

१९६४ चा प्रयोग चुकीचा नव्हता. त्याने जे दाखविले ते निरोगी शरीरापुरते खरे होते. दोष त्यावरून काढलेल्या अनुमानाचा होता. विरोधी पुरावा एकत्र येण्यास सुमारे साडेतीन दशके लागली आणि तोपर्यंत अनेक रुग्णांना हे औषध दिले गेले. शरीरक्रियाशास्त्र शिकविताना डोपामिनच्या पायऱ्यांचा तक्ता फळ्यावर लिहिणाऱ्या अध्यापकाने, तो कोणाच्या शरीरावरून तयार झाला, हेही त्याच तासाला सांगणे अगत्याचे आहे.