वेडाचा पंचनामा

पुणे जिल्ह्यात कोणी विचित्र वागू लागला की ‘याला येरवड्याला धाडा’ असे सहज म्हटले जाते. येरवड्यास कारागृह आहे आणि मनोरुग्णालयही आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्यांपैकी कोणते असते, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर वावरताना खटल्यातील मानसतज्ज्ञाविषयी आम्ही प्रायः दोनच मते ऐकली. फिर्यादीकडचे म्हणतात, ‘पैसे चारून येडेपणाचं सर्टिफिकेट आणलं.’ आरोपीच्या घरचे म्हणतात, ‘डाक्टरानं धड पाहिलंच नाही.’ कोर्टाच्या आवारात एका वृद्ध मातेने आम्हांस विचारले होते, ‘फादर, अर्ध्या घटकेत त्या डाक्टरला माझ्या लेकाचं मन कसं गावलं?’ तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ (२०१६) हा चित्रपट पाहताना तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

मूळ रमन राघव मुंबईतील. रस्त्याकडेला आणि झोपड्यांत निजलेल्या गरिबांचे बळी घेणारा हा माणूस २७ ऑगस्ट १९६८ रोजी सबइन्स्पेक्टर अॅलेक्स फियालो यांनी पकडला. चित्रपट आरंभीच सांगतो, की ही त्याची कथा नव्हे. नवाजुद्दीन सिद्दीकी यांचा रमन्ना आणि विकी कौशल यांचा व्यसनाधीन पोलीस अधिकारी ही एकाच दुष्टतेची दोन अर्धुके आहेत, असे दिग्दर्शकास दाखवावयाचे आहे. अभिनय अंगावर काटा आणणारा आहे. तथापि वेड येथे केवळ मसाला म्हणून येते. मूळ कथेतील सर्वांत अवघड प्रसंग न्यायालयात घडला, आणि चित्रपटात न्यायालयाला स्थानच नाही. ही उणीव आम्हांस मोठी वाटते.

काय घडले होते न्यायालयात? जून १९६९ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा आरोपीचे चित्त ठिकाणावर नाही, असा अर्ज त्याच्या वकिलाने केला. पोलीस सर्जनने त्याला २८ जून ते २३ जुलै निरीक्षणाखाली ठेवले आणि कळविले: स्मरणशक्ती शाबूत, बुद्धी सर्वसाधारण, आपण काय करतो याची जाण आहे; हा वेडा नव्हे. ५ ऑगस्ट रोजी नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्याची आर्थर रोड तुरुंगात भेट घेतली आणि साक्ष दिली, की याला जुना स्किझोफ्रेनिया आहे. आपले कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे त्याला उमगत नाही. सत्र न्यायाधीशांनी फाशी सुनावली. आरोपीने अपील करण्यास नकार दिला. पुढे उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्याचा आदेश दिला. मंडळ त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास भेटले. अखेरच्या भेटीत त्यांनी निरोपाचा हात पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातील माणसांना शिवणार नाही, असे तो म्हणाला.

साहित्याच्या वाचकाने या एका शब्दाशी थांबावे. न्यायाधीशांचा कायदा आणि याचा ‘कानून’ यांचे अर्थ दोन निराळ्या जगांतले. पोलीस सर्जन खोटे बोलला, असे आम्ही म्हणत नाही. स्मरण आणि बुद्धी शाबूत असूनही माणूस भ्रमात जगू शकतो, हे त्या कसोट्यांत सापडत नाही. त्याने भांडे वाजवून पाहिले. आत काय आहे ते मंडळाने पाहिले. जुन्या दंडसंहितेचे कलम ८४ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२) दोन गोष्टी विचारते: कृत्याचे स्वरूप कळत होते काय, आणि ते गैर वा बेकायदा आहे हे कळत होते काय. पहिलीचे उत्तर बचाव पक्षानेही ‘होय’ असेच दिले होते. वाद दुसरीचा होता.

‘वेडा ठरला आणि सुटला’ हा लोकापवादही येथे टिकत नाही. फाशीची जन्मठेप झाली आणि तो येरवड्याच्या कारागृहात राहिला. १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. मात्र फुटपाथवर मेलेल्यांची नावे ना चित्रपटास आठवतात ना आपणांस, ही बोच उरतेच.

त्या मातेला आज आम्ही काय सांगू? बाई, अर्ध्या घटकेत मन गावत नाही, हे तुमचे म्हणणे खरे आहे. परंतु तज्ज्ञाला हाकलून न्याय जवळ येत नाही. तुमच्या वकिलाला त्याची उलटतपासणी नीट घ्यायला सांगा. किती वेळा भेटलात? कोणत्या बोलीत बोललात? कोणता प्रश्न मनात धरून गेलात? भीमाशंकराच्या बाजूचा मुलगा ‘माझ्या अंगात येतं’ म्हणाला, तर ती रीत की रोग, हे त्याच्या वाडीत कोणास विचारलेत काय? ज्याच्यापाशी या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्याच्या अहवालावर विश्वास ठेवावा. ज्याच्यापाशी नाहीत, त्याचा कागद कितीही शिक्क्यांचा असो, तो अपुराच होय.