पुनर्निर्मितीतील भविष्यकाळ : ‘शंभर वर्षे पुढे’ आणि ‘फास्टर फेणे’ यांचा तौलनिक विचार

कुमारवयात प्रिय झालेली कलाकृती नव्या रूपात पडद्यावर आली की जुन्या पिढीचा वाचक बहुधा रुष्ट होतो. पात्राचे वय बदलले, यंत्राचे नाव बदलले, ओळखीचा प्रसंग गाळला, अशी त्याची तक्रार असते. ही तक्रार अकारण असते असे नाही. परंतु तिच्यावर समीक्षेची उभारणी करता येत नाही. कारण पुनर्निर्मिती म्हणजे नक्कल नव्हे हे तत्त्व मान्य केल्यानंतर केवळ फरकांची यादी करून काहीच सिद्ध होत नाही. प्रश्न फरकांच्या संख्येचा नसून त्यांच्या दिशेचा आहे.

गोंदिया जिल्ह्यातील अभ्यासकाला हे तत्त्व पटवून देण्याची फारशी गरज पडू नये. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांपर्यंत पसरलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत चालतो. रात्रभर चालणारे हे नाटक गावोगाव फिरते आणि फिरताना थोडेबहुत बदलते. गाणे लांबते, विनोदी प्रवेश वाढतो, नट बदलतात. त्यात पावित्र्यभंग झाला असे तेथील प्रेक्षक मानीत नाही. बदल कोणासाठी आणि कशासाठी केला, एवढाच त्याचा निकष असतो, आणि तो बसल्या जागेवरून त्याचा निर्णय देतो. हाच निकष कुमारांसाठी लिहिलेल्या कथांच्या चित्रपटीय पुनर्निर्मितीला लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी एक रशियन आणि एक मराठी अशी दोन उदाहरणे घेतली आहेत.

१

किर बुलिचोव्ह हे इगोर मोझेइको (१९३४-२००३) यांचे टोपणनाव. व्यवसायाने ते प्राच्यविद्या-संशोधक होते आणि ब्रह्मदेशाचा इतिहास हा त्यांचा अभ्यासविषय होता. १९६५ साली त्यांनी आलिसा सेलेझ्न्योवा या भविष्यकाळात राहणाऱ्या मुलीच्या कथा प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्या पहिल्या कथामालेच्या शीर्षकाचा अर्थ ‘जिला काहीही होणार नाही अशी मुलगी’ असा आहे, आणि या शीर्षकातच त्या भविष्यकाळाचे संपूर्ण स्वरूप सामावलेले आहे. आलिसा धाडसी आहे, कारण तिच्या भोवतालचे जग तिच्या धाडसाला पुरेसे सुरक्षित आहे.

१९७८ च्या कादंबरीचे नाव ‘शंभर वर्षे पुढे’ असे साधारणपणे भाषांतरित करता येईल. मूळ रशियन शब्दरचनेत एक गंमत आहे. ‘शंभर वर्षांपूर्वी’ या रूढ वाक्प्रयोगातील मागे नेणारा शब्द काढून तेथे पुढे नेणारा शब्द बसविला आहे. या कादंबरीवरून पावेल आर्सेनोव्ह यांनी ‘भविष्यातील पाहुणी’ हा पाच भागांचा दूरचित्रपट तयार केला. तो १९८५ साली प्रक्षेपित झाला. बाल व कुमार चित्रपटांसाठीच नेमलेल्या मॉस्कोच्या गोर्की चित्रनिर्मितिगृहाची ती निर्मिती होती. आलिसाची भूमिका नताल्या गुसेवा या शाळकरी मुलीने केली.

कथानक थोडक्यात असे. मॉस्कोतील कोल्या गेरासिमोव्ह हा सहाव्या इयत्तेतील मुलगा एका ओसाड घराच्या तळघरात सापडलेल्या कालयंत्रातून २०८४ साली जाऊन पोहोचतो. तेथे विचार ऐकण्याचे यंत्र, मिएलोफोन, अंतराळातील चाच्यांच्या हाती पडू नये म्हणून तो ते उचलून १९८४ मध्ये परत आणतो. त्याच्या मागोमाग आलिसा आणि चाचे, दोघेही येतात. ज्या वर्गात तिला शोध घ्यायचा आहे तेथे कोल्या नावाचे तीन मुलगे आहेत. त्यामुळे कथेचा पुष्कळ भाग एका साध्या शाळेच्या वर्गात घडतो.

या योजनेत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, नायकपद एका व्यक्तीकडे नसून वर्गाकडे आहे. यंत्र अखेर वाचते ते मुलामुलींच्या परस्परविश्वासामुळे. दुसरी, भविष्यकाळ ही येथे जाऊन यावयाची जागा आहे. कोल्या तेथे विनापरवाना शिरतो आणि हिंडतो, आणि त्या नगरीला एका अनोळखी मुलाचे भय वाटत नाही. निरोपाच्या प्रसंगी आलिसा वर्गमित्रांना त्यांचे पुढील आयुष्य सांगते. कोणी विम्बल्डन जिंकणार आहे, कोणी चित्रकार होणार आहे. भविष्यकाळाने वर्गातील प्रत्येकाची नावानिशी दखल घेतलेली आहे, हा त्या प्रसंगाचा अर्थ. त्या वेळी वाजणारे येवगेनी क्रिलातोव्ह यांचे गीत मात्र निःशंक नाही. भविष्याने आपल्याशी कठोर होऊ नये अशी विनवणी त्यात आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. त्या वर्गातील मुले तेव्हा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर असणार, हे ध्यानात घेतले म्हणजे या चित्रपटावरील एका पिढीचे प्रेम केवळ स्मरणरंजन राहत नाही. न मिळालेल्या वचनाची ती आठवण आहे.

२

अलेक्सांद्र आंद्र्युश्चेन्को यांचा ‘शंभर वर्षे पुढे’ हा चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात दार्या वेरेश्चागिना आलिसा झाली आहे आणि मार्क एयदेलश्तेयन कोल्या. काळ २०२४ आणि २१२४ असा पुढे सरकविला आहे. ही दुरुस्ती अपरिहार्य होती आणि तिच्याबद्दल आक्षेप घेण्याचे कारण नाही. मुले वयाने थोडी थोर केली आहेत, त्यामुळे मैत्रीला अनुरागाची छटा येते. हेही क्षम्य आहे.

खरा बदल अन्यत्र आहे. मिएलोफोनच्या जागी आता कॉस्मिऑन ही वस्तू आली आहे आणि तिच्यात काळावर सत्ता चालविण्याचे सामर्थ्य आहे. आलिसाची आई किरा चाच्यांशी झालेल्या संघर्षात नाहीशी झालेली आहे, आणि मुलीच्या सर्व कृतींच्या मुळाशी आईचा शोध आहे. पूर्वीचे चाचे मिखाइल कोनोनोव्ह आणि व्याचेस्लाव्ह नेविन्नी यांनी विनोदी अंगाने रंगविले होते. त्यांच्या जागी अलेक्सांद्र पेत्रोव्ह यांचा ग्लोत हा विश्वाला वेठीस धरणारा प्रतिनायक आला आहे. ‘जिला काहीही होणार नाही’ अशी ही मुलगी राहिलेली नाही. कथा सुरू होण्यापूर्वीच तिला काहीतरी होऊन गेले आहे.

या बदलाला केवळ हॉलिवुडचे अनुकरण म्हणणे अपुरे ठरेल. आईविना वाढलेली आलिसा ही भावदृष्ट्या अधिक खोल व्यक्तिरेखा होऊ शकते, आणि काही प्रसंगांत ती तशी झालीही आहे. परंतु त्याची किंमत वर्गाने मोजली आहे. नियतीने निवडलेली मुलगी आणि तिला साथ देणारा मुलगा एवढ्यांवर विश्वाचे भवितव्य येऊन ठेपले की उरलेल्या मुलांना काम राहत नाही, आणि ज्यांना काम नाही त्यांना भविष्यही सांगता येत नाही. २१२४ चे मॉस्को डोळे दिपविणारे आहे. मात्र ते हिंडण्याचे स्थळ नसून रक्षण करण्याचे ठाणे झाले आहे.

हे ज्या परिस्थितीत घडले तीही विसरता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अमेरिकेच्या मोठ्या चित्रसंस्थांनी रशियातील प्रदर्शन थांबविले, आणि मोकळ्या झालेल्या चित्रगृहांत सोव्हिएत बालपणीच्या परिचित नावांना मोठे क्षेत्र मिळाले. २०२३ च्या आरंभी आलेल्या ‘चेबुराश्का’चे यश याच प्रवाहातील होय. भविष्याविषयी बोलणे अवघड झालेला समाज भूतकाळातील भविष्याकडे वळतो. तेथेही त्याला शांतता सापडत नाही, हे या चित्रपटाने नकळत दाखविले आहे.

३

मराठीत कुमारांच्या विज्ञानकथेवर एकदा चित्रपट निघाला आणि पुढे तो नव्याने काढला गेला, असे नेमके समांतर उदाहरण नाही. सर्वांत जवळचे उदाहरण भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांच्या फास्टर फेणेचे आहे. बनेश फेणेच्या कथा विज्ञानकथा नाहीत, साहसकथा आहेत, हे खरे. तथापि मराठी कुमारांना ज्यूल व्हर्नची ओळख ज्या लेखणीने करून दिली तीच ही लेखणी आहे. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही भागवतांची रूपांतरे, आणि विज्ञानकथेतील कुतूहल व फेणेचे कुतूहल ही एकाच वृत्तीची दोन रूपे. मराठी विज्ञानकथेचा उगमही रूपांतरात आहे. ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० पासून आलेली ‘चंद्रलोकची सफर’ व्हर्नवरच आधारलेली होती. तेव्हा रूपांतराला गौण लेखण्याचा अधिकार मराठी समीक्षेला नाही.

मूळचा बन्या हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, विद्याभवनात शिकणारा, किडकिडीत, सायकलवर स्वार आणि जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा शाळकरी मुलगा. त्याला कोणी कामगिरी सोपविलेली नसते. काहीतरी विपरीत दिसते आणि तो तेथे शिरतो. मोठी माणसे त्याला रागावतात, पण अखेर त्याचे ऐकतात. भागवतांच्या जगात मुलाचा शब्द वाया जात नाही. १९८० च्या दशकात दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन यांनी साकारलेला फेणे याच वयाचा आणि याच वृत्तीचा होता.

ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रदर्शित झालेल्या, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित आणि क्षितिज पटवर्धन लिखित ‘फास्टर फेणे’ या चित्रपटात अमेय वाघ यांचा बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. परीक्षाकेंद्रावर भेटलेल्या एका मुलाच्या मृत्यूवर आत्महत्येचा शिक्का बसतो, बन्याला ते पटत नाही, आणि शोध घेता घेता तो परीक्षेच्या काळ्या बाजारापर्यंत व गिरीश कुलकर्णी यांच्या अप्पापर्यंत पोहोचतो. पर्ण पेठे यांची अबोली, रस्त्यावर वाढलेला एक चुणचुणीत मुलगा, आणि स्वतः भा. रा. भागवत यांच्या रूपातील दिलीप प्रभावळकर हे त्याचे साहाय्यक. मूळ लेखकालाच आश्रयदात्या वडीलधाऱ्याच्या रूपाने कथेत आणण्याची कल्पना हृद्य आहे. एवढा आदर रशियन चित्रपटाने बुलिचोव्ह यांना दाखविलेला नाही.

येथेही नायक वयाने वाढला आहे. परंतु ही वाढ रशियन चित्रपटापेक्षा जास्त बोलकी आहे, कारण ती अनुरागासाठी नसून परीक्षेसाठी आहे. आजच्या मराठी कुमाराला ‘पुढे काय?’ असे विचारले तर उत्तर बहुधा एखाद्या प्रवेशपरीक्षेच्या नावाने येते. चित्रपटकर्त्यांनी हे अचूक हेरले. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेतील प्रश्नपत्रिकाफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा सात वर्षांपूर्वीच्या या कथानकातील निवड किती मर्मग्राही होती हे दिसून आले. अप्पा हा या दृष्टीने अंतराळातील चाच्याचा सख्खा भाऊ आहे. एक काळ चोरतो, दुसरा काळाच्या दाराशी बसून प्रवेशाचे मोल ठरवितो.

मर्यादाही येथेच आहे. गुन्हा इतका प्रौढ आणि भीषण केला की कुतूहलाची जागा कर्तव्याने घेतली. मूळचा बन्या धावे, कारण धावण्यात आनंद होता. नवा बन्या धावतो, कारण न धावल्यास आणखी एक मुलगा मरेल. शाळकरी वयाचा, स्वतःच्या हौसेने सायकल दामटणारा फेणे पडद्यावर उरत नाही.

४

दोन्ही पुनर्निर्मितींची दिशा अशा प्रकारे एकच ठरते. नायक थोर झाला, त्याच्या भोवतीचा समवयस्कांचा गोतावळा विरळ झाला आणि भविष्यकाळ हिंडण्याच्या प्रदेशाऐवजी अडथळ्याचा किंवा लढाईचा प्रदेश बनला. या साम्याचे एक कारण व्यवस्थेत आहे. गोर्की चित्रनिर्मितिगृहाला कुमार प्रेक्षक नेमून दिलेला होता, त्याला तिकीट विकून तो मिळवावा लागत नव्हता. भारतात १९५५ साली स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. बाजाराच्या हिशेबात बारा वर्षांचा मुलगा स्वतंत्र प्रेक्षक नसतो. तो एकतर कुटुंबाबरोबर येतो, नाहीतर वीस वर्षांच्या तरुणासाठी काढलेला चित्रपट पाहतो. म्हणून नायकाला वीस वर्षांचा करावे लागते.

परंतु व्यवस्थेचे कारण सांगून समीक्षेचे काम संपत नाही. सोव्हिएत भविष्यचित्रात असत्यही होते. ज्या राज्याने ते रंगविण्यास पैसा दिला त्याने नागरिकांना विनापरवाना हिंडू दिले नव्हते. तेव्हा जुने तेवढे सोने असे म्हणून चालणार नाही. नव्या आलिसाचे दुःख आणि नव्या बन्याची परीक्षा ही आपापल्या समाजाची प्रामाणिक लक्षणे आहेत, आणि त्यांच्या संदर्भात दोन्ही चित्रपट वाचनीय ठरतात. उणीव आहे ती निदानानंतरच्या पावलाची. मुलाला संकट दाखविणे आणि त्या संकटापलीकडची एखादी जागा दाखविणे, ही दोन्ही कामे कुमारकथेची आहेत. पहिले या चित्रपटांनी केले, दुसरे केले नाही.

गोंदियातील विद्यार्थ्याला हा विचार दूरचा वाटू नये. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील या जिल्ह्यात, जेथे गावच्या बाजारात मराठीइतकीच हिंदी कानावर पडते, तेथल्या मुलाने फुरसुंगी आणि मॉस्को ही दोन्ही नावे बहुधा पुस्तकातूनच ऐकली. मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या प्रकाशनगृहांची स्वस्त व सुबक मराठी पुस्तके एके काळी अशा वाचकांना उपलब्ध होती. फेणेची सायकल आणि दूरच्या देशातली मुले त्याला सारख्याच अंतरावर आणि सारखीच जवळची होती. आज तोच मुलगा शिकवणीसाठी नागपूरला जातो आणि पुढचा काळ गुणांच्या आकड्यांत मोजतो. त्याच्यासाठी पुनर्निर्मिती करणाऱ्याने पात्राचे वय, यंत्राचे नाव, नगरीचा थाट हवा तसा बदलावा. मंडईच्या रात्री नाटक पाहणारा प्रेक्षक त्याला ती मुभा केव्हाच देऊन चुकला आहे. अखेरच्या प्रवेशात वर्गातील प्रत्येकाला काहीतरी होण्यासारखे उरले आहे की नाही, हे मात्र तो पाहील, आणि समीक्षकानेही तेच पाहावे.