‘स्टेडियम झाले की विकास होतो’ : एका विधानाची चिकित्सा

नगरविकासाच्या चर्चेत ‘स्टेडियम झाले की गावाचा विकास होतो’ अशा घाटाचे विधान वारंवार भेटते. त्याची परीक्षा प्रथम भाषेच्या अंगाने करणे इष्ट होय. ‘की’ हे अव्यय येथे केवळ पौर्वापर्य सांगते. श्रोता मात्र त्यातून कार्यकारणभाव घेतो. ‘विकास होतो’ या अकर्मक रचनेत तो कोण करतो व कोणाच्या पैशाने, हे प्रश्न लुप्त होतात. ‘गावाचा’ ही षष्ठी तर लाभ सर्वांना सारखाच वाटून मोकळी होते.

आता वस्तुस्थिती पाहू. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड हा रणजी करंडकाचा सामना झाला. तालुक्याच्या गावास हा मान मिळावा, ही अभिमानाचीच गोष्ट. परंतु बारामतीची वाढ त्यापूर्वीची आहे. नीरा डावा कालवा, ऊस व साखर कारखाने, १९७२ साली स्थापन झालेले विद्या प्रतिष्ठान, औद्योगिक वसाहत ही तिची कारणे होत. येथे स्टेडियम हे वाढीचे फळ आहे; त्यास बीज म्हणणे म्हणजे क्रम उलटा करणे होय.

उत्पन्नाचीही तीच गत. रणजी सामन्यास बहुधा तिकीट नसते. २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर केंद्र व राज्य यांच्यात विभागला जातो. स्थानिक संस्थेच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर आणि मैदानाचे वा गाळ्यांचे भाडे उरते. देखभालीचा खर्च मात्र बारमाही. रॉजर नॉल व अँड्र्यू झिंबलिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादिलेल्या ग्रंथात अमेरिकन शहरांविषयी हाच निष्कर्ष निघतो. लोक खेळावर जो पैसा खर्च करतात, तो बहुतांशी इतर करमणुकीवरून वळविलेला असतो. त्यामुळे शहराची एकूण मिळकत फारशी वाढत नाही.

शेजारच्या इंदापूर तालुक्यात तुकाराम महाराजांच्या पालखीचे गोल रिंगण बेलवाडीस व इंदापुरास होते. त्यास लागते ते मोकळे मैदान. हजारो लोक कडेने उभे राहतात आणि रिंगण उठले की जागा पुन्हा सर्वांची होते.

यावरून स्टेडियम नकोत असे ठरत नाही. त्यांचे समर्थन महसुलाच्या नावाने न करता खेळाच्या नावाने करावे, एवढेच ठरते. मग विधान असे मांडता येईल : ‘नगरपरिषद नागरिकांच्या पैशाने मुलांसाठी मैदान राखते.’ यात कर्ता आहे, खर्च आहे आणि लाभ घेणाराही आहे. अशा वाक्याला हिशेब विचारता येतो.