‘उपलब्ध नाहीं’ या विधानाचें परीक्षण

‘अमुक ग्रंथाची पोथी कोठेंहि उपलब्ध नाहीं’ असें विधान संशोधनपर लेखांतून वारंवार भेटतें. तें करण्यापूर्वीं लेखकानें कोठें व काय शोधिलें, हें मात्र क्वचितच सांगितलेलें असतें. बहुधा एखाददुसरी यादी चाळून निकाल दिलेला असतो.

संस्कृतापुरता ऑफ्रेख्टचा ‘कॅटॅलोगस कॅटॅलोगोरम’ (१८९१, १८९६, १९०३) हा मोठा आधार. एका पंडिताचें हें काम थोर आहे, याविषयीं वाद नाहीं. परंतु त्याची मांडणी नांवांच्या वर्णानुक्रमाची, म्हणून नांव चुकलें कीं पोथी हरवली. मराठींत तर ‘ज्ञानेश्वरी’ शोधणाऱ्यानें ‘भावार्थदीपिका’हि पाहिली पाहिजे व ‘अमृतानुभव’ शोधणाऱ्यानें ‘अनुभवामृत’. पहिलें पान गळालेल्या पोथीस नांवच नसतें. तेथें मधल्या ओव्या व कर्त्याची नाममुद्रा याच खुणा. महानुभावांच्या सांकेतिक लिपींतील पोथ्या तर हातांत असूनहि, राजवाड्यांसारख्यांनीं लिपि उलगडीपर्यंत, इतरांस वाचतां येत नव्हत्या!

यास्तव शोधास लागण्यापूर्वींच ग्रंथाचीं नामांतरें, कर्त्याची मुद्रा, आरंभींची व शेवटची ओवी, संभाव्य लिप्या आणि कालमर्यादा लिहून काढाव्या. कोणती यादी कोणत्या शब्दानें पाहिली याची नोंद ठेवावी. न पाहिलेल्या संग्रहांची तर अवश्य छापावी, कारण पुढील शोधकास तीच अधिक उपयोगी. मठांतील व घराण्यांतील कित्येक रुमालांची यादीच झालेली नाहीं. तंजावरच्या सरस्वती महालांत मराठी पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. तो न पाहतां केलेलें विधान आम्ही ‘पुण्यांत उपलब्ध नाहीं’ एवढेंच वाचतों.