अजिंठ्यातील ‘आगंतुक’ प्रतिमा : एक पुनर्विचार

वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्याची निर्मिती इ.स. ४६२ ते ४८० या अल्प काळात बसविली. त्यांच्या मते ४७७ मध्ये वाकाटक सम्राट हरिषेण याचे निधन झाले, राज्य ढासळू लागले आणि मातब्बर दात्यांची कामे अर्धवट राहिली. हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कालगणनेवर आक्षेप घेतले आहेत. तो वाद येथे बाजूस ठेवू. प्रस्तुत लेखकास खटकते ते स्पिंक यांचे एक विशेषण.

मूळ आराखड्याबाहेर, मिळेल त्या जागेत कोरलेल्या वा रंगविलेल्या बुद्धप्रतिमांना ते ‘आगंतुक’ (खरे तर ‘घुसखोर’च) म्हणतात. कालक्रम लावण्यास ही संज्ञा उपयुक्त आहे. मूल्यमापन म्हणून ती एकांगी ठरते. लेणे क्र. १६ हे हरिषेणाचा सचिव वराहदेव याचे दान. तेथील आखीवपणामागे एका सत्ताधीशाची इच्छा आहे. आगंतुक प्रतिमांमागे असा एकच दाता नाही. क्र. १० च्या चैत्यगृहात तर पाचशेहून अधिक वर्षे जुन्या स्तंभांवर बुद्ध रंगविले गेले. अशा प्रतिमांजवळील ‘देयधर्म’ लेखांत शाक्यभिक्षूंची नावे आढळतात. यांतील काही काम सुमार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु राजाश्रय सरला तेव्हाच या दात्यांना भिंत मिळाली, हे स्पिंक यांच्याच मांडणीतून निघते. मग त्या काळास केवळ ऱ्हासकाळ का म्हणावे?

औरंगाबाद लेणे क्र. ३ च्या गर्भगृहात बुद्धासमोर गुडघे टेकलेले उपासक कोरलेले आहेत. तेथे ते आराखड्यातच धरले गेले. अजिंठ्यात त्यांना जागा शोधावी लागली.