‘रॉयल्टी-फ्री’ लूप आणि रचनेचे कर्तृत्व

संगणकावर संगीतरचना करणाऱ्यांच्या व्यवहारात ‘रॉयल्टी-फ्री’ हा शब्द रूढ झाला आहे. परंतु त्याचा जो अर्थ सामान्यतः घेतला जातो, तो त्या शब्दात नाही. ध्वनिमुद्रित संगीताचा जो लहानसा तुकडा पुनःपुन्हा वाजविला असता सांधा न जाणवता फिरत राहतो, त्यास लूप म्हणतात. असे तुकडे एकदाच मूल्य देऊन किंवा आज्ञावलीबरोबर मिळतात, आणि पुढे दर वापरामागे काही द्यावे लागत नाही. मुक्तता आहे ती या वारंवारच्या देण्यापासून, स्वामित्वापासून नव्हे. घेणाऱ्यास मिळतो तो केवळ परवाना, आणि तोही त्याच्या एकट्याचा नसतो. मराठीत रॉयल्टीस ‘स्वामित्वधन’ म्हणण्याच्या प्रथेने या घोटाळ्यास हातभारच लागतो. ‘स्वामित्वधनमुक्त’ या समासातील ‘धन’ विग्रह करताना गळून पडते आणि ‘स्वामित्वमुक्त’ एवढेच मनात उरते.

रिहानाचे ‘अंब्रेला’ हे २००७ साली गाजलेले गीत या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यातील ड्रमचा ठेका ॲपलच्या ‘गॅरेजबँड’ या आज्ञावलीतील ‘व्हिंटेज फंक किट ०३’ या लूपवर उभा आहे. तो लूप असंख्य संगणकांवर पडून होता. गीत मात्र एकच झाले. शब्द, चाल आणि मांडणी यांचे कर्तृत्व रचनाकारांचेच होय. परंतु त्या कर्तृत्वाची सीमा लूपपाशी थांबते. तोच लूप उद्या दुसऱ्याने घेतल्यास त्यास हरकत घेता येणार नाही.

येथे आपल्याकडील ठेक्याचा दृष्टान्त देण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. त्रितालाचा सोळा मात्रांचा ठेका कोणाच्याच मालकीचा नाही. लूप हा मात्र ठेका नव्हे, तर एका वादकाने एकदा वाजविलेल्या ठेक्याचे ध्वनिमुद्रण होय. भाषाशास्त्राच्या परिभाषेत शब्द नव्हे, उच्चार. भारताचा १९५७ चा कॉपीराइट अधिनियमही हाच भेद पाळतो: संगीतकृतीचा कर्ता संगीतकार, ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता. दोन तयार लूप एकावर एक ठेवून जे होते, त्यास संगीतकृती म्हणावे काय, हा प्रश्न अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात केवळ श्रम पुरेसे न मानता किमान सर्जकतेची अपेक्षा धरली. वाद न्यायनिर्णयांच्या संपादित पाठाचा होता, तरी कसोटी येथेही लागू पडावी.

खरा अन्याय होतो तो प्रसारणाच्या टप्प्यावर. लूपवर बेतलेली रचना यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ या ओळखयंत्रणेत संदर्भ म्हणून नोंदली गेली, की तोच लूप वापरणाऱ्या इतरांच्या कृतींवर दावे होऊ लागतात, आणि निरपराध रचनाकाराचे उत्पन्न अडकते किंवा परक्याकडे वळते. ज्यावर एकट्याचा अधिकार नाही असे साहित्य संदर्भ म्हणून देऊ नये, असा त्या संस्थेचा नियम आहे खरा. पण लूपची मालकी आपली नाही हे नोंदविणाऱ्यासच उमगलेले नसेल, तर नियम काय करणार? यंत्रास ध्वनीचे साम्य कळते, साम्याचे कारण कळत नाही. मराठी ‘हात’ आणि हिंदी ‘हाथ’ यांतील साम्य पाहून एकाने दुसऱ्याकडून उसना घेतला असे कोणी म्हणत नाही. दोन्ही ‘हस्त’पासून आले. एकाच लूपवरील दोन रचनांचा संबंध याच जातीचा आहे.